किनाऱ्यावरून परतणारे लेखन : मराठी प्रवासवर्णनांतील अंदमान

आमच्या संस्थेच्या ग्रंथालयात प्रवासवर्णनांची दोन कपाटे आहेत. गेल्या वर्षी पुस्तकांची मोजदाद चालू असताना त्यांतील अंदमानविषयीची पुस्तके आणि त्यांच्या जोडीला जुन्या दिवाळी अंकांतील लेख निवडून वेगळे ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. काम कारकुनीच, पण हाती आलेले वाचल्याशिवाय जागेवर ठेववत नाही, ही माझी जुनी खोड. तीन-चार आठवड्यांत ते सारे वाचून संपले आणि मनात एक अस्वस्थता उरली. लेखक निरनिराळे, वर्षे निरनिराळी. तरीही त्या पुस्तकांची पाने सुटून एकमेकांत मिसळली असती, तर कोणते पान कोणाचे हे ओळखणे अवघड गेले असते. त्या अस्वस्थतेचे कारण शोधावे, एवढाच या टिपणाचा हेतू आहे. लेखकांची नावे मुद्दाम घेत नाही. दोष एकट्यादुकट्याचा असता तर नाव घेणे समीक्षकाचे कर्तव्य ठरले असते. येथे दोष साच्याचा आहे, आणि तो साचा वाचक म्हणून आपणही आवडीने जपला आहे.

साचा असा. विमान खाली येऊ लागते आणि निळ्या पाण्यावर हिरवे ठिपके दिसतात. पहिला दिवस सेल्युलर जेलचा. संध्याकाळी तेथील ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम, डोळ्यांत पाणी, नतमस्तक होणे. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट धरून हॅवलॉक बेटावर, राधानगरच्या पुळणीवर. तेथून पुढे भाषेचा रंगच बदलतो. पाणी निळेशार, वाळू शुभ्र, निसर्गाची उधळण मुक्तहस्ते, आणि सूर्यास्त शब्दांत न मावणारा. मग काचेच्या तळाची नाव, तिच्यातून दिसलेली 'जलपरींची बाग', बाराटांगची चुनखडकाची गुहा, दुकानातले शंख-शिंपले आणि परतीचे विमान. हुंदका आणि नारळपाणी यांच्या मध्ये जेमतेम एका रात्रीचे अंतर असते. पण हे दोन्ही अनुभव एकाच भूमीचे आहेत आणि त्यांचा परस्परांशी काही संबंध असू शकेल, असा प्रश्न त्या रात्री कोणालाच पडत नाही. पहिल्या भागात बेट हे हौतात्म्याची पार्श्वभूमी असते, दुसऱ्या भागात सुट्टीची. दोन्ही भागांत ते पार्श्वभूमीच राहते.

याचे एक बोलके उदाहरण देतो. पोर्ट ब्लेअरच्या (२०२४ पासून श्रीविजयपुरमच्या) किनाऱ्यावर उभे राहिले की मराठी प्रवाशाच्या ओठी सावरकरांची ती सागराला उद्देशून केलेली कविता येते. येणे स्वाभाविक आहे. मीही तेथे ती मनात म्हटली. परंतु मी वाचलेल्या लेखनात ती अशा रीतीने येते, की ती अंदमानच्या कोठडीतच स्फुरली असे वाचकाने समजावे. वस्तुतः ती १९०९ मध्ये इंग्लंडात, ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेली आहे. कवीला अंदमान दिसायला अजून दोन वर्षे अवकाश होता. तो सागर थंड देशाचा, ती तळमळ परदेशात अडकलेल्या मोकळ्या माणसाची. चूक तशी लहान. पण तिच्यातून वृत्ती कळते. समोर अंदमानचा समुद्र पसरलेला असताना आपण पाठ असलेला दुसराच समुद्र पाहत असतो.

आता 'माझी जन्मठेप'कडे वळू. ४ जुलै १९११ रोजी सावरकरांना 'महाराजा' जहाजातून अंदमानला आणले गेले, १९२१ मध्ये ते तेथून परत आले, आणि १९२७ मध्ये हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्याकडे आपण आजवर राजकीय आणि चरित्रात्मक दस्तऐवज म्हणून पाहिले. त्या अंगाने त्यावर वादही पुष्कळ झाले. येथे मला ते एका बेटाविषयीचे मराठी गद्य म्हणून वाचायचे आहे. तसे वाचल्यावर आश्चर्य वाटते. ज्याला बेट हिंडून पाहण्याची मुभा नव्हती, त्याच्या पुस्तकात बेट अधिक आहे.

नारळाचेच पाहा. प्रवासवर्णनात नारळ म्हणजे झावळ्यांची कमान आणि सूर्यास्ताची चौकट. 'जन्मठेपे'त नारळ म्हणजे काम. सोडणे कुटून काथ्या काढायचा, त्याचे नाव छिलका. बैलाच्या जागी माणसाने फिरून खोबऱ्याचे तेल गाळायचे, त्याचे नाव कोलू. दिवसाचा ठराव तीस पौंड तेलाचा. नारळाच्या कोणत्या भागाला किती बळ लागते, हे त्या गद्याला हातांनी माहीत आहे. पुढे त्याच तुरुंगाच्या तेलगुदामावर लेखक मुकादम झाला, तेव्हा तेल किती निघते आणि कोठे जाते याचाही हिशेब पुस्तकात आला. शिवाय कोठडीबाहेरची वसाहत त्यात आहे : शिक्षा भोगता भोगता संसार थाटलेले बंदिवान, त्यांची मुले, त्यांची मिश्र बोली, त्यांच्या शाळेचा आणि लिपीचा प्रश्न. लेखकाच्या मतांशी आपण सहमत असू वा नसू. बेटावर माणसे राहतात आणि पुढेही राहणार आहेत हे त्याला दिसले होते. त्याच्या दृष्टीलाही सीमा होती, हे सांगितलेच पाहिजे. बेटांचे मूळ रहिवासी त्याच्या गद्यात जंगलाच्या कडेची भीती म्हणून येतात, त्या काळच्या शब्दांत. पण शंभर वर्षांनंतर मोकळेपणाने हिंडणाऱ्या आपल्या लेखकांची सीमा त्याच्यापेक्षा आखूड निघावी, याचे वाईट वाटते.

आखूडपणा सर्वांत ठळक दिसतो तो समुद्रापाशी. माझ्या समोरच्या प्रत्येक लेखनात पांढरी वाळू आहे. ती पांढरी का, हे एकातही नाही. आपल्या कोकणची पुळण बहुतेक ठिकाणी पिवळी-करडी, कोठे काळीही. कारण ती डोंगराच्या दगडाची झीज आहे. अंदमानच्या पुळणींतली पुष्कळशी पांढरी वाळू ही जीवांची झीज आहे. प्रवाळाचे सांगाडे, शिंपा, कवचे लाटांनी फुटून तिच्यात मिसळतात. पोपटाच्या चोचीसारखे तोंड असलेला पोपटमासा शेवाळ खाण्यासाठी प्रवाळाचा खडक कुरतडतो आणि नको असलेला चुना बारीक रवा करून बाहेर टाकतो. म्हणजे ज्या वाळूवर बसून 'निसर्गाने अंथरलेला शुभ्र गालिचा' असे वाक्य लिहिले जाते, तिचा मोठा भाग माशांच्या पोटातून गेलेला असतो. हे कळल्याने सौंदर्य उणावते असे मला वाटत नाही. वाळूला भूतकाळ मिळतो, आणि गद्याला क्रियापदे मिळतात.

शब्दांचा घोटाळाही येथेच आहे. मराठीत 'पोवळे' म्हटले की मंगळाच्या अंगठीतला लाल खडा डोळ्यांपुढे येतो. तो बहुतांशी भूमध्य समुद्रातून आला. ते खोल पाण्यातले वेगळे प्रवाळ. उष्ण कटिबंधात बेटांना कुंपण घालणारे प्रवाळ निराळे. त्यात अतिशय लहान मृदू प्राणी वसाहत करून राहतात, आपल्याभोवती चुन्याची वाटी बांधतात आणि अंगात सूक्ष्म शैवालाला आसरा देतात. सूर्यप्रकाशावर ते शैवाल अन्न करते, त्यावर दोघांचा निर्वाह चालतो. म्हणून त्यांना उथळ, निवळ, उबदार पाणी लागते. पाणी नेहमीपेक्षा थोडेच जास्त आणि काही आठवडे तापले, की हा आसरा मोडतो. शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे घडले. या वर्षांनंतर लिहिलेल्या एका लेखात मी वाचले, की पाण्याखाली 'हिमशुभ्र पोवळ्यांचे वन' पाहून लेखिका मुग्ध झाल्या. त्यांना काय दिसले असेल याची कल्पना करून माझे मन विषण्ण झाले. दोष त्यांच्या डोळ्यांचा नव्हता. पांढरे ते सुंदर, एवढेच साच्याने त्यांना शिकवले होते. आणि अंगठीतल्या खड्यामुळे पोवळे हे जिवंत असते व मरते, हे मराठी शब्दाने सुचवले नव्हते.

मराठीला समुद्राचे शब्दच नाहीत, ही सबब मात्र चालणार नाही. उधाण आणि भांग, खाडी आणि खाजण, तिवर आणि पुळण ही आपलीच संपत्ती आहे. पुनव-अवसेच्या सुमारास मोठी ओहोटी लागते, तेव्हा प्रवाळाचा माथा उघडा पडतो. हे सांगायला कोकणातल्या कोणाही दर्यावर्दीला परका शब्द लागणार नाही. प्रवाळही आपल्याला अगदी अनोळखी नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील पाण्यात ते आहे. १९८७ पासून तेथे मालवणचे सागरी अभयारण्य आहे. कोकण किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, पाण्याखाली, प्रवाळाचे एक विस्तीर्ण पठार आहे आणि त्याला कान्होजी आंग्र्यांचे नाव आहे : आंग्रिया बँक. मराठी आरमाराच्या नावाचे हे स्थळ मराठी साहित्यात मला भेटले नाही.

प्रवाळाकडे पाहणे आणि विचार करणे या दोन गोष्टी एका वाक्यात कशा नांदतात, हे पाहायचे असेल तर डार्विनची आठवण काढावी लागते. १८३६ मध्ये हिंदी महासागरातील कोकोस अथवा कीलिंग बेटांवर तो काही दिवस होता. १८४२ मध्ये त्याचा प्रवाळभित्तींवरचा ग्रंथ निघाला. किनाऱ्याला लगटून असलेली भित्ती, किनाऱ्यापासून दूर सरलेली भित्ती आणि मध्ये बेटच न उरलेले कंकणद्वीप ही तीन रूपे एकाच कथेच्या तीन अवस्था आहेत, असे त्याने मांडले. तळ खचत जातो, प्रवाळ प्रकाशाकडे वर बांधत राहते. लक्षद्वीप हे त्यातले कंकणरूप. अंदमानात मुख्यतः किनाऱ्याला लगटून असलेली भित्ती आहे. भित्ती ही जमिनीच्या हालचालीची नोंदवही आहे, हे त्याचे मर्म.

ती नोंद आपल्या डोळ्यांदेखत एका सकाळी झाली. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात हा द्वीपसमूह तिरपा झाला. उत्तर आणि पश्चिम अंदमानची काही बेटे वर उचलली गेली आणि कित्येक शतकांची भित्ती पाण्याबाहेर येऊन उन्हात मेली. दक्षिणेला निकोबार खचले. देशाचे दक्षिण टोक असलेले इंदिरा पॉइंट चार मीटरांहून अधिक खाली गेले आणि तेथील दीपगृहाचा पाया समुद्रात आला. मग त्सुनामीची लाट आली. मराठीत त्सुनामीविषयी त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले. पण पुढच्या प्रवासवर्णनांत तिची खूण 'आता सारे पूर्ववत झाले आहे' या एका वाक्यापुरती उरली. पूर्ववत काय झाले, तर पर्यटन.

आता माणसांविषयी. माझ्यापुढील लेखनात जारवांचा उल्लेख बहुधा बाराटांगच्या वाटेवरच्या परिच्छेदात येतो. मोटारींचा ताफा, पोलिसांचा पहारा, छायाचित्रे घेण्यास मनाई, आणि मग 'आमचे नशीब चांगले, दोन जारवा दिसले'. त्याच परिच्छेदात पुढे चिखलाचा ज्वालामुखी आणि पोपटांचे बेट. 'दिसले' हे क्रियापद तिन्हींना सारखेच लावलेले असते. जारवांच्या राखीव क्षेत्रातून जाणारा या रस्त्याचा भाग बंद करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता, हे त्या परिच्छेदात नसते. कारण ते लिहिले तर आपण त्या रस्त्याने का गेलो, हेही लिहावे लागेल. जानेवारी २०१० मध्ये बोआ सीनिअर या वृद्ध बाई वारल्या आणि त्यांच्याबरोबर बो ही भाषा संपली. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांच्याशी बोलून जे टिपून ठेवले, तेवढे उरले. नातवंडे घरात मराठी बोलतील का, ही काळजी आपल्या सभांतून दर वर्षी बोलून दाखवली जाते. ती करणाऱ्या आपणा लोकांना तरी ही वार्ता दोन ओळींपेक्षा जास्त वाटायला हवी होती.

आणि वसाहतकरी? अंदमान ही आज मुख्यतः येऊन राहिलेल्यांची भूमी आहे. १८५८ पासून आणलेल्या बंदिवानांचे वंशज, जे स्वतःला 'लोकल बॉर्न' म्हणवतात, ब्रह्मदेशातून आलेले कारेन, मलबारचे मोपले, छोटा नागपुरातून लाकूडकामासाठी आलेले आणि तेथे 'रांची' म्हणून ओळखले जाणारे मजूर, फाळणीनंतर आलेले पूर्व बंगालचे निर्वासित. २०१७ च्या जानेवारीत मी वंडूरहून जॉली बॉय बेटावर गेलो होतो. काचेच्या तळाची नाव चालवणाऱ्या तरुणाने मला गाव विचारले. बडोदे म्हटल्यावर तो म्हणाला, म्हणजे गुजराती. मी म्हटले, नाही, मराठी. आठ पिढ्या बडोद्याला. त्याला त्यात नवल वाटले नाही. त्याचे आजोबा बरिसालचे होते. घरी बांगला बोलतात. बंगाल त्याने पाहिलेला नाही आणि पाहण्याची घाईही नाही. माझ्या आयुष्यात मला हे समजावून सांगावे लागले नाही असे जे थोडे लोक भेटले, त्यांत तो एक. पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे लक्ष्मीविलास राजवाडा पाहून झाल्यावर आम्हाला विचारतात, 'अरे वा, तुम्ही अजून मराठी बोलता?' प्रश्न प्रेमाचा असतो, हे मान्य. पण त्या 'अजून'मध्ये आपण देखाव्याचा भाग होतो, हे येथल्या वाचकांना सांगायला नको. आपल्याच प्रवासवर्णनांनी त्या नावाड्याला आणि त्याच्या शेजाऱ्यांना तसेच केले आहे.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढे आहे. १९६९ पासून १९८० पर्यंत ग्रेट निकोबारच्या पूर्व किनाऱ्यावर माजी सैनिकांची सुमारे ३३० कुटुंबे सरकारने नेऊन वसवली. ती पंजाबातील होती, केरळातील होती, आणि महाराष्ट्रातीलही होती. जंगल काढून त्यांनी शेती केली, नारळी-पोफळी लावल्या. २००४ च्या लाटेत तो किनारा धुऊन गेला. घरे आणि बागा गेल्या. कॅम्पबेल बे आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांतील या इतिहासात मराठी घरे आहेत. सेल्युलर जेलवर आपल्याकडे कपाटभर लेखन आहे. या मराठी घरांवर, माझ्यापुढील ढिगात, एक ओळ नव्हती. पर्यटकांच्या वाटेवर ते बेट नाही, म्हणून ते वाङ्मयाच्या वाटेवरही नाही. याच बेटावर मोठे बंदर, विमानतळ आणि नगर उभारण्याच्या प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. गॅलेथियाचा उपसागर, जेथे लेदरबॅक कासवे अंडी घालायला येतात, त्याच्या आराखड्यात आहे. शोंपेन आणि निकोबारी लोकांचे काय, प्रवाळाचे काय, यावर देशात वाद चालू आहे. त्या वादात मराठी वाचकाने कोणती बाजू घ्यावी हे सांगणे माझे काम नव्हे. पण बाजू घ्यायला मनात त्या बेटाचे चित्र हवे, आणि ते देण्याचे काम प्रवासवर्णनाचे होते.

हे अशक्य नव्हते, याचा दाखला इंग्रजीत आहे. या बेटांवर दीर्घकाळ काम केलेल्या पंकज सेखसरिया यांची 'द लास्ट वेव्ह' ही कादंबरी २०१४ मध्ये आली. तिच्यात बाहेरून आलेला तरुण आहे, 'लोकल बॉर्न' घरातली मुलगी आहे, कारेन नावाडी आहे, जारवांचे अरण्य आहे आणि शेवटी ती लाट आहे. कादंबरी म्हणून तिच्यात माहितीचे ओझे जाणवते. पात्रे कधी कधी अहवालासारखी बोलतात. तरीही तेथे बेट पार्श्वभूमी राहत नाही, आणि माहितीचे ओझे वाहणारे गद्य मला विशेषणांचे ओझे वाहणाऱ्या गद्यापेक्षा प्रामाणिक वाटते.

आपल्या लेखकांवर मी अन्याय करीत नाही ना, असा प्रश्न लिहिताना वारंवार आला. पाच-सहा दिवसांच्या सहलीत कोणी किती पाहावे? जेलच्या दारात दाटून येणारा कंठ खोटा नसतो, आणि निळ्या पाण्याचा आनंदही खोटा नसतो. तो मी स्वतः घेतला आहे. माझी तक्रार आनंदाविषयी नाही. आनंद झाल्यावर आपण प्रश्न विचारणे थांबवले, याविषयी आहे. वाळू कशाची, नावाडी कुठचा, हा रस्ता कोणाच्या रानातून जातो : हे तीन प्रश्न पाच दिवसांतही विचारून होतात. त्यांची उत्तरे पुस्तकात आली असती, तर जेल आणि पुळण यांच्या मधली ती एक रात्रही भरून निघाली असती. कारण ज्या नारळाचे पाणी दुपारी पितो, त्याच नारळाचे सोडण त्या कोठडीत कुटले जात होते.

मोजदाद संपली. अंदमानची पुस्तके आता एका खणात एकत्र लावली आहेत. 'माझी जन्मठेप' पूर्वी चरित्रांच्या कपाटात होते; कार्यवाहांच्या संमतीने त्याची दुसरी प्रत मी या खणात आणून ठेवली. खणात अजून बरीच जागा आहे. आपल्या वाचकांपैकी कोणाचे नातलग फौजेतून निवृत्त होऊन त्या दक्षिणेच्या बेटावर गेले असतील, त्यांची पत्रे घरात असतील, तर ती या पत्रिकेकडे पाठवावीत. भाषा साधी असली तरी चालेल. आंब्याला मोहोर कधी येतो आणि पाऊस किती महिने पडतो, एवढे त्यात असले तरी पुरे.